धनुर्धर : मायकेल पॉवेल यांचें जीवन व कार्य

सर्व कलांमध्यें चित्रपटाची कला वयानें धाकटी आहे, आणि धाकट्या भावंडाप्रमाणेंच तिला घरांतील सर्वांची मर्जी सांभाळावी लागते. कवि अर्धपोटीं राहूनहि काव्य रचूं शकतो. चित्रकाराला चार रंग आणि हातभर कापड मिळालें कीं त्याचें भागतें. चित्रपट काढावयाचा म्हटला म्हणजे मात्र मोठें भांडवल हवें, शेंकडों माणसांचे हात हवेत, आणि इतकें करूनहि शेवटीं तिकिटाच्या खिडकीपुढें रांग लागली पाहिजे. ज्याच्या हातीं सत्ता त्याला दुखवूं नये, ज्याच्या हातीं पैसा त्याला सांभाळावें आणि ज्याच्या हातीं लेखणी त्याचा रोष ओढवून घेऊं नये, हा या धंद्यांतील व्यवहारधर्म होय. इंग्लंडांतील एका दिग्दर्शकानें आपल्या आयुष्यांत हे तिन्ही रोष एकामागून एक पत्करले. पहिल्यांतून तो सुखरूप बाहेर पडला, दुसऱ्यानें त्याचा मोठा आधार तुटला, आणि तिसऱ्यानें त्याचें कार्यच जवळजवळ संपुष्टांत आणलें. तथापि ज्या कृतींसाठीं हे रोष पत्करले त्याच कृति आज त्या देशाच्या चित्रपटसृष्टीचें भूषण मानल्या जातात. मायकेल पॉवेल हें त्या दिग्दर्शकाचें नांव.

पॉवेल यांचा जन्म ३० सप्टेंबर १९०५ रोजीं केंट परगण्यांतील बेक्सबोर्न या खेड्यांत झाला. केंट हा इंग्लंडचा बागायती मुलूख. बिअर तयार करतांना जीं हॉपचीं फुलें वापरतात त्यांचे मळे तेथें पुष्कळ. पॉवेल यांचे वडीलहि अशाच मळ्यांचे मालक होते. जवळच कँटरबरीचें पुरातन ख्रिस्तमंदिर. मुलाचें शिक्षण कँटरबरीच्या किंग्ज स्कूलमध्यें व पुढें लंडनच्या डलिच कॉलेजांत झालें. शिक्षण संपल्यावर मध्यम वर्गांतील मुलानें जें करावयाचें तेंच त्यांनीं केलें. एका बँकेंत कारकुनाची नोकरी धरली. परंतु खतावण्यांत त्यांचा जीव रमेना. १९२५ सालीं फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस शहरीं रेक्स इनग्रम या विख्यात दिग्दर्शकाच्या स्टुडिओंत त्यांना प्रवेश मिळाला. जमीन झाडण्यापासून विनोदी भूमिकेसाठीं तोंडाला रंग फासण्यापर्यंत पडेल तें काम त्यांनीं केलें. काळ मूकपटांचा होता. शब्दाची मदत नसल्यामुळें सारा अर्थ चित्रांतून सांगावा लागे. ही शिकवण पॉवेल जन्मभर विसरले नाहींत. पुढें बोलपट आले, पात्रें भरमसाट बोलूं लागलीं, तरी या दिग्दर्शकाच्या चित्रांत महत्त्वाची गोष्ट बहुधा न बोलतांच सांगितलेली आढळते.

१९२८ सालीं ते इंग्लंडास परतले आणि आल्फ्रेड हिचकॉक यांच्या मूकपटांसाठीं स्थिरचित्रें घेण्याचें काम करूं लागले. त्या सुमारास इंग्लंडांतील चित्रगृहें अमेरिकन चित्रपटांनीं भरून गेलीं होतीं. स्वदेशी धंद्याला आधार मिळावा म्हणून १९२७ सालीं एक कायदा झाला होता. दाखविल्या जाणाऱ्या चित्रपटांपैकीं एक ठराविक हिस्सा ब्रिटिश चित्रपटांचा असलाच पाहिजे, असें त्या कायद्यानें ठरविलें. हेतु चांगला, परंतु फळ विचित्र आलें. कायद्याची अट कशीबशी पुरी करण्यासाठीं स्वस्त आणि तुरळक लांबीचे चित्रपट घाईघाईनें निघूं लागले. फिल्मच्या एका फुटामागें एक पौंड, असा त्यांच्या खर्चाचा हिशेब असे. १९३१ ते १९३६ या काळांत पॉवेल यांनीं असे वीसांहून अधिक चित्रपट काढले. त्यांतले कित्येक आज उपलब्धहि नाहींत. परंतु थोडक्या वेळांत, थोडक्या पैशांत प्रसंग उभा कसा करावा, याची जी तालीम त्यांना या आखाड्यांत मिळाली ती कोणत्याहि विद्यालयांत मिळाली नसती.

स्वतःच्या मनाजोगता पहिला चित्रपट त्यांना वयाच्या एकतिसाव्या वर्षीं करावयास मिळाला. स्कॉटलंडच्या पश्चिमेस अटलांटिक महासागरांत सेंट किल्डा नांवाचा लहानसा बेटसमूह आहे. तेथील वस्ती वर्षानुवर्षें घटत गेली आणि अखेर २९ ऑगस्ट १९३० रोजीं उरलेलीं छत्तीस माणसें आपलीं घरें सोडून मुख्य भूमीवर आलीं. ही बातमी पॉवेल यांच्या मनांत घर करून राहिली. सेंट किल्डाच्या मालकाकडून परवानगी मिळेना, तेव्हां शेटलंड द्वीपांपैकीं फौला या बेटावर १९३६ सालीं त्यांनीं आपला तळ ठोकला. समुद्र खवळला म्हणजे त्या बेटाचा बाहेरच्या जगाशीं संबंध तुटे. कड्यांवरून, धुक्यांतून आणि वाऱ्यांतून त्यांनीं हें चित्र टिपलें. बेटावरचे रहिवासीहि त्यांत दिसतात. १९३७ सालीं प्रसिद्ध झालेल्या या चित्रपटाचें नांव 'दि एज ऑफ दि वर्ल्ड', म्हणजे 'जगाचा कडा'. गांव मरतें म्हणजे काय होतें, याचें इतकें शांत आणि करुण दर्शन चित्रपटांत क्वचितच घडतें. या चित्रामुळेंच अलेक्झांडर कोर्डा या बड्या निर्मात्याचें लक्ष पॉवेल यांच्याकडे गेलें, आणि कोर्डा यांच्या दारांतच त्यांना आयुष्याचा सोबती भेटला.

हा सोबती म्हणजे एमेरिक प्रेसबर्गर. ते १९०२ सालीं हंगेरींतील मिश्कोल्त्स येथें एका यहुदी कुटुंबांत जन्मले. प्राग आणि श्टुटगार्ट येथें त्यांनीं गणिताचा व स्थापत्याचा अभ्यास केला. पुढें बर्लिनच्या ऊफा या प्रख्यात चित्रसंस्थेंत ते कथालेखक झाले. १९३३ सालीं हिटलर सत्तेवर येतांच त्यांना जर्मनी सोडावी लागली. पॅरिसमध्यें कांहीं काळ काढून १९३५ सालीं ते लंडनला आले. नवी भाषा त्यांनीं प्रौढ वयांत शिकून घेतली. मागें राहिलेली त्यांची आई पुढें ऑशविट्झच्या छळछावणींत मृत्यु पावली. कोर्डा यांनीं 'दि स्पाय इन ब्लॅक' या १९३९ सालच्या चित्रपटासाठीं या दोघांना एकत्र आणलें. एक केंटच्या मातींतला शेतकऱ्याचा मुलगा आणि दुसरा देशोदेशीं भटकलेला निर्वासित. परंतु एकाच्या डोळ्यांपुढें जें चित्र उभें राही त्याची कथा दुसऱ्याच्या मनांत आधींच तयार असे. युद्धाच्या प्रारंभीं दोघांनीं मिळून 'फॉर्टीनाइन्थ पॅरलल' हा चित्रपट केला. कॅनडांत अडकून पडलेल्या जर्मन पाणबुडीवरील खलाशांची ही कथा १९४१ सालीं प्रसिद्ध झाली, आणि तिच्याबद्दल प्रेसबर्गर यांना अमेरिकेचें ऑस्कर पारितोषिक मिळालें.

यानंतर दोघांनीं 'दि आर्चर्स', म्हणजे 'धनुर्धर', या नांवाची स्वतःची संस्था काढली. चित्रपटाच्या आरंभीं पडद्यावर वर्तुळांचें एक लक्ष्य दिसे आणि सणकत आलेला बाण त्यांत रुतून बसे. त्यापाठोपाठ जी अक्षरें उमटत तीं त्या धंद्यांत अपूर्व होतीं. लेखन, निर्मिति आणि दिग्दर्शन या तिन्ही कामांपुढें पॉवेल आणि प्रेसबर्गर अशीं दोन्ही नांवें एकत्र येत. वास्तविक दिग्दर्शन मुख्यतः पॉवेल करीत आणि मूळ कथा बहुधा प्रेसबर्गर यांची असे. परंतु श्रेयाची वांटणी करण्याच्या भानगडींत ते पडले नाहींत. जेथें नांवाच्या अक्षरांच्या उंचीवरून भांडणें होतात त्या व्यवसायांत दोन मानी माणसांनीं पंधरा वर्षांवर हा एकोपा टिकविला, हेंच एक मोठें कार्य म्हटलें पाहिजे.

१९४२ सालीं प्रेसबर्गर यांनीं वेंडी हिलर या अभिनेत्रीला लिहिलेल्या एका पत्रांत संस्थेचीं तत्त्वें नमूद केलीं आहेत. ज्यांचा पैसा गुंतला आहे त्यांना तोटा होऊं न देणें एवढेंच आपलें त्यांच्याशीं बंधन. त्यापलीकडे आपण कोणाचे अंकित नाहीं. चित्रपटाच्या प्रत्येक फुटाची जबाबदारी आपलीच. आणि नव्या कल्पनेला हात घालतांना प्रतिस्पर्ध्यांच्याच नव्हे तर काळाच्याहि एक वर्ष पुढें असलें पाहिजे. पत्राचा आशय हा असा. एक वर्षाची मर्यादा त्यांनीं नम्रपणें घातली होती. प्रत्यक्षांत त्यांचे कांहीं बाण लक्ष्यापर्यंत पोंचण्यास वीस-वीस वर्षें लागलीं.

पहिला रोष सत्तेचा झाला. डेव्हिड लो या व्यंगचित्रकारानें 'कर्नल ब्लिंप' नांवाचें एक पात्र निर्माण केलें होतें. स्थूल देहाचा, झुपकेदार मिशांचा, हमामखान्यांत बसून मूर्खपणाचीं मतें ठोकून देणारा हा जुन्या वळणाचा लष्करी अंमलदार साऱ्या इंग्लंडच्या ओळखीचा झाला होता. पॉवेल व प्रेसबर्गर यांनीं त्याच्यावर चित्रपट काढावयाचें ठरविलें. परंतु केवळ थट्टा करण्याचा त्यांचा विचार नव्हता. हा म्हातारा एकेकाळीं तरुण असेल, शूर असेल, त्यानें प्रेम केलें असेल; मग त्याचा ब्लिंप कसा झाला, हा प्रश्न त्यांनीं विचारला. चित्रपटांतील कथा बोअर युद्धापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत चाळीस वर्षांची आहे. नायकाचा जिवलग मित्र एक जर्मन अंमलदार आहे. हा मित्र म्हातारपणीं, स्वतःचीं मुलें नाझी झाल्यावर, निर्वासित म्हणून इंग्लंडच्या दाराशीं येतो आणि चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर शांत स्वरांत आपली कहाणी सांगतो. अँटन वॉलब्रुक या ऑस्ट्रियन नटानें केलेलें तें भाषण लिहिणारा लेखक स्वतः त्या वेळीं सरकारी दप्तरांत शत्रुराष्ट्रीय परका म्हणून नोंदला गेलेला होता, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्यांतील कळकळ कोठून आली तें समजतें.

युद्ध ऐन भरांत असतां जर्मन माणूस सज्जन दाखवावयाचा आणि इंग्रज सेनानी हास्यास्पद, ही गोष्ट सरकारला मानवणें शक्यच नव्हतें. लष्करी खातें विरुद्ध गेलें. नायकाच्या भूमिकेसाठीं लॉरेन्स ऑलिव्हिए यांना नौदलाच्या विमानखात्यांतून मोकळें करण्यास नकार मिळाला, आणि ती भूमिका रॉजर लिव्हसी यांच्याकडे गेली. पंतप्रधान चर्चिल यांनीं तर हें चित्रच थांबविण्याचे उपाय सुचवावे, असें माहितीमंत्री ब्रेंडन ब्रॅकेन यांना लिहिलें. ब्रॅकेन यांचें उत्तर स्मरणांत ठेवण्याजोगें आहे. अशी बंदी घालावयाची तर सर्व मतप्रदर्शनावर सक्तीची नियंत्रणें घालण्याचा अधिकार सरकारला घ्यावा लागेल, असा त्याचा भावार्थ होता. ज्या स्वातंत्र्यासाठीं युद्ध चाललें होतें त्याची परीक्षा अशा रीतीनें एका चित्रपटाच्या निमित्तानें झाली. १९४३ च्या जूनमध्यें 'दि लाइफ अँड डेथ ऑफ कर्नल ब्लिंप' लंडनमध्यें झळकला व लोकांना आवडला. परदेशीं पाठविण्यास मात्र त्याला कांहीं काळ अटकाव झाला, आणि अमेरिकेंत तो गेला तो कात्री लागूनच. संपूर्ण स्वरूपांत तो पुन्हां पाहावयास मिळण्यास चाळीस वर्षें जावीं लागलीं.

युद्ध संपतां संपतां या जोडीची प्रतिभा ऐन बहरांत आली. इंग्रज व अमेरिकन यांच्यांत सलोखा वाढावा असा एखादा चित्रपट निघावा, अशी सरकारी अपेक्षा होती. कोणाहि सामान्य निर्मात्यानें तिच्यावर एक प्रचारपट रचून दिला असता. या दोघांनीं १९४६ सालीं 'ए मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ' हें अद्‍भुतरम्य चित्र दिलें. मरणाच्या दारांतून चुकून परत आलेला एक वैमानिक आणि त्याला परत मागणारा परलोक यांच्यांतील तो खटला आहे. गंमत अशी कीं परलोक त्यांत रंगहीन आहे आणि ही पृथ्वी मात्र सर्व रंगांनीं नटलेली आहे. स्वर्गापेक्षां मनुष्याचें जग सुंदर आहे, हा सिद्धांत एका वाक्याचेंहि व्याख्यान न देतां केवळ रंगाच्या योजनेनें त्यांनीं पटवून दिला. ब्रिटिश राजघराण्याच्या उपस्थितींत होणाऱ्या वार्षिक चित्रपट-समारंभाची प्रथा १ नोव्हेंबर १९४६ रोजीं याच चित्रानें सुरू झाली.

पुढील वर्षीं आलेल्या 'ब्लॅक नार्सिसस'चा संबंध प्रत्यक्ष हिंदुस्थानशीं पोंचतो. रूमर गॉडेन या लेखिकेचें बालपण बंगालच्या नारायणगंज येथें गेलें होतें. तिची ही १९३९ सालची कादंबरी. कलकत्त्याकडील मठांतून कांहीं जोगिणी हिमालयांतील एका ओसाड राजवाड्यांत शाळा व दवाखाना चालविण्यासाठीं जातात. तेथील उंची, अखंड वाहणारा वारा आणि भिंतींवरील जुन्या विलासाचीं चित्रें यांपुढें त्यांचा निग्रह एक एक करून ढांसळूं लागतो. हिमालयाचें चित्रण करावयाचें म्हणजे हिमालयांत जावयास हवें, असें कोणीहि म्हणेल. पॉवेल यांनीं सर्व कांहीं इंग्लंडांतच करण्याचा निश्चय केला. वारा, प्रकाश आणि रंग हे आपल्या हुकमतींत पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओंत राजवाडा उभा राहिला. पर्वतांचीं कृष्णधवल छायाचित्रें प्रचंड आकारांत वाढवून त्यांवर रंगीत खडूचा हात फिरविण्यांत आला. पर्सी डे या जुन्या जाणत्या कारागिरानें कांचेवर शिखरें व दऱ्या रंगविल्या, आणि कांचेचा मोकळा ठेवलेला भाग व स्टुडिओंतील खरा देखावा यांचा मेळ कॅमेऱ्यांत घातला गेला. कड्याच्या टोंकावर घंटा वाजविणारी जोगीण जेव्हां खालीं पाहते तेव्हां प्रेक्षकाला भोवळ येते. वस्तुतः तिच्या पायांखालीं दरी नसून रंग आहे. छायालेखक जॅक कार्डिफ व कलादिग्दर्शक आल्फ्रेड युंगे या दोघांनाहि या कामगिरीबद्दल ऑस्कर पारितोषिकें मिळालीं.

हें चित्र पाहतांना हिंदी प्रेक्षकाच्या मनांत मात्र एक शंका राहणारच. यांतील डोंगरी लोक दूरून पाहिलेले आहेत. त्यांच्या अंतरंगांत कोणी शिरलेलें नाहीं. तेथील पहाडी तरुणीची भूमिका जीन सिमन्स या इंग्रज मुलीनें अंगाला रंग लावून केली आहे. म्हैसूरच्या माहुताचा मुलगा साबू हा युवराजाच्या भूमिकेंत आहे खरा, परंतु त्याच्या वांट्याला हिरे, रेशीम आणि भोळेपणा यांपलीकडे फारसें येत नाहीं. हा आक्षेप खोटा नाहीं. तथापि कथेनेंच त्याचें एक उत्तर देऊन ठेवलें आहे. ज्या उग्र सुगंधानें जोगिणी बेचैन होतात आणि ज्याला त्या पूर्वेची मोहिनी समजतात, त्या अत्तराचें नांवच 'ब्लॅक नार्सिसस'. आणि तें युवराजानें लंडनच्या एका दुकानांतून मागविलेलें आहे. त्यांना छळणारी पूर्वा त्यांनीं आपल्या मनांतूनच बरोबर आणलेली आहे, हें सुचविण्यास इतकें पुरे. अखेरीस पावसाळ्याचे पहिले थेंब पडत असतां जोगिणी तो वाडा सोडून उतरूं लागतात. हा चित्रपट १९४७ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीं ब्रिटिश सत्ता हिंदुस्थान सोडून गेली, आणि त्या शेवटच्या दृश्यांत अनेक जाणत्यांना या घटनेची छाया दिसली तर नवल नाहीं.

दुसरा रोष पैशाचा. १९४८ सालीं 'दि रेड शूज' तयार झाला. तांबडे जोडे पायांत घालतांच जिचें नाचणें थांबेना अशा मुलीची हॅन्स अँडरसनची परीकथा आणि कला कीं संसार या कात्रींत सांपडलेल्या एका नर्तकीची आधुनिक कथा यांचा त्यांत संगम आहे. मॉइरा शिअरर ही खरीखुरी नर्तकी नायिकेच्या भूमिकेसाठीं निवडण्यांत आली. कथेच्या मध्यावर सुमारें सतरा मिनिटें चालणारें नृत्य आहे. संवाद नाहीं, केवळ संगीत, हालचाल आणि हाइन हेकरोट या चित्रकारानें रंगविलेलें स्वप्नजग. पैसा पुरविणारे जे. आर्थर रँक यांना व त्यांच्या व्यवस्थापकांना हें चित्र मुळींच रुचलें नाहीं. खासगी खेळ संपल्यावर ते एक शब्दहि न बोलतां उठून गेले, असें सांगतात. इंग्लंडांत त्याचा गाजावाजा झाला नाहीं. परंतु न्यूयॉर्कच्या एका लहानशा थिएटरांत तें लागलें तें दोन वर्षांवर चाललें. त्याला कलादिग्दर्शन व संगीत यांचीं ऑस्कर पारितोषिकें मिळालीं, आणि त्यानंतर कित्येक पिढ्यांतील मुलींनीं तें पाहून नृत्याचे धडे घेतले. धनिकाची फसगत धनाच्याच बाबतींत झाली. तथापि रँक यांच्या संस्थेशीं जडलेले संबंध तुटले. आणि तिनें दिलेली मोकळीक पुन्हां कोठें मिळाली नाहीं. १९५१ सालीं 'दि टेल्स ऑफ हॉफमन' हा संपूर्णपणें संगीतावर बांधलेला चित्रपट त्यांनीं काढला. पुढें मात्र भांडवल मिळविण्यांत शक्ति खर्ची पडूं लागली. १९५७ नंतर धनुर्धरांची जोडी फुटली. परंतु कटुतेनें नव्हे. स्नेह अखेरपर्यंत राहिला.

तिसरा आणि सर्वांत दारुण रोष लेखणीचा. १९६० सालच्या एप्रिलमध्यें पॉवेल यांचा 'पीपिंग टॉम' लंडनमध्यें लागला. कथा लिओ मार्क्स यांची. महायुद्धांत गुप्त संकेतलिपीचें काम केलेला हा लेखक. नायक एका स्टुडिओंतील तरुण कॅमेरावाला आहे. लहानपणीं त्याच्या शास्त्रज्ञ बापानें भीतीचा अभ्यास करण्यासाठीं पोटच्या मुलाला मुद्दाम भेडसावून त्याचें चित्रण केलें. मोठेपणीं हा मुलगा स्त्रियांचे खून करतो आणि मरणाऱ्या चेहऱ्यावरील भय कॅमेऱ्यानें टिपतो. त्या निर्दय बापाच्या भूमिकेंत पॉवेल स्वतः आहेत आणि लहान मुलाच्या भूमिकेंत त्यांचा स्वतःचा मुलगा आहे. अंधारांत बसून दुसऱ्याचें दुःख पाहण्यांत आपल्याला जी गोडी वाटते ती काय जातीची आहे, असा प्रश्न हें चित्र विचारतें. आणि तो प्रश्न दिग्दर्शकानें प्रथम स्वतःला विचारला होता.

लंडनच्या वृत्तपत्रांनीं या चित्रावर जो भडिमार केला त्याला तोड नाहीं. वितरकांनीं चित्र घाईनें मागें घेतलें. टीकाकार सारेच अरसिक होते असें म्हणणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. त्यांना जी शिसारी आली ती खरी होती. फक्त तिचें कारण त्यांनीं चित्रांत शोधलें, स्वतःमध्यें शोधलें नाहीं. कांहीं महिन्यांनीं त्याच वर्षीं हिचकॉक यांचा 'सायको' आला. त्यांत रक्तपात कमी नव्हता. परंतु हिचकॉक यांनीं टीकाकारांसाठीं आगाऊ खेळ ठेवला नाहीं, लोक लोटले आणि चित्र अमाप चाललें. एकाला कीर्ति आली आणि दुसऱ्याला वनवास. पॉवेल त्या वेळीं चोपन्न वर्षांचे होते. इंग्लंडांत त्यांच्यावर भांडवल लावण्यास कोणी फारसें धजेना. दूरचित्रवाणीचीं किरकोळ कामें झालीं. ऑस्ट्रेलियांत जाऊन त्यांनीं १९६६ व १९६९ सालीं दोन चित्रपट काढले. १९७२ सालीं लहान मुलांसाठीं एक छोटासा चित्रपट झाला. त्याचें लेखन प्रेसबर्गर यांनीं केलें होतें. जुने सोबती शेवटचे एकत्र आले ते अशा लहान कामासाठीं, आणि त्यांनीं तें आनंदानें केलें.

विस्मृतीच्या या काळांत समुद्रापलीकडे एक निराळीच गोष्ट घडत होती. न्यूयॉर्कच्या इटालियन वस्तींत दम्यानें आजारी असणारा एक मुलगा घरच्या लहानशा कृष्णधवल दूरचित्रवाणीवर, जाहिरातींनीं तोडलेले, धनुर्धरांचे चित्रपट पुन्हां पुन्हां पाहत असे. हा मुलगा म्हणजे मार्टिन स्कॉर्सेसी. स्वतः नामांकित दिग्दर्शक झाल्यावर सत्तरीच्या दशकांत ते इंग्लंडांत येऊन पॉवेल यांना भेटले. ग्लॉस्टरशायरमधील एका खेड्यांत ओढग्रस्तीनें राहणाऱ्या त्या वृद्धाला आपली चित्रें अजून कोणाच्या स्मरणांत आहेत हेंच नवल वाटलें. १९७८ सालीं लंडनमध्यें त्यांच्या व प्रेसबर्गर यांच्या चित्रपटांचा मोठा महोत्सव झाला. १९७९ सालीं 'पीपिंग टॉम' न्यूयॉर्कच्या महोत्सवांत सन्मानानें दाखविला गेला. १९८१ सालीं ब्रिटिश अकादमीनें दोघांनाहि आपलें सर्वोच्च सन्माननीय सदस्यत्व दिलें. स्कॉर्सेसी यांच्या 'रेजिंग बुल' या मुष्टियोद्ध्याच्या चित्राच्या तयारींत हातमोज्यांचा तांबडा रंग खटकतो असें पॉवेल यांनीं सुचविलें, आणि तें चित्र कृष्णधवल निघालें. ज्याच्याएवढा रंगांचा धनी इंग्लंडांत झाला नाहीं त्यानेंच रंग कोठें सोडावा हेंहि सांगितलें. स्कॉर्सेसी यांच्या संकलक थेल्मा स्कूनमेकर यांच्याशीं १९८४ सालीं पॉवेल यांचा विवाह झाला. १९८६ सालीं आत्मचरित्राचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. दुसरा खंड मरणोत्तर निघाला. त्याचें नांव 'मिलियन डॉलर मूव्ही'. स्कॉर्सेसी ज्या दूरचित्रवाणी-कार्यक्रमांत त्यांचीं चित्रें पाहत त्याचेंच हें नांव.

प्रेसबर्गर १९८८ च्या फेब्रुवारींत निवर्तले. दोन वर्षांनीं, १९ फेब्रुवारी १९९० रोजीं, पॉवेल यांनींहि इहलोक सोडला. १९६० सालीं 'पीपिंग टॉम'ची कठोर निर्भर्त्सना करणाऱ्यांत डिलिस पॉवेल या नामवंत टीकाकार बाई होत्या. त्यांचें व या दिग्दर्शकाचें नातें केवळ आडनांवापुरतें. त्यांनीं १९९४ सालीं, नव्वदी उलटल्यावर, आपलें जुनें मत जाहीरपणें मागें घेतलें आणि चित्राची थोरवी मान्य केली. दिग्दर्शक तें वाचण्यास उरले नव्हते. तथापि टीकाकाराच्या प्रामाणिकपणाचें याहून सुंदर उदाहरण सांपडणें कठीण. २००९ सालीं 'दि रेड शूज'ची मूळ रंगांत उजळलेली प्रत कान शहरच्या महोत्सवांत दाखविण्यांत आली, आणि २०२४ सालीं स्कॉर्सेसी यांनीं निवेदन केलेला या जोडीवरील माहितीपट लोकांसमोर आला.

काळ शेवटीं न्याय देतो असें म्हणण्याची रीत आहे. परंतु काळ आपण होऊन कांहींच करीत नाहीं. कोणी तरी एक आजारी मुलगा तें चित्र मन लावून पाहतो, कोणी तरी एक वृद्ध टीकाकार आपलें मत पुन्हां तपासून पाहते, कोणी तरी जीर्ण फितींवरील डाग एक एक करून पुसतो. तेव्हां कोठें न्याय होतो. आणि त्यासाठीं प्रथम कलावंतानें आपलें काम तपासण्याजोगें करून ठेवलेलें असावें लागतें. पंतप्रधान रागावले, धनिक उठून गेले, वृत्तपत्रें तुटून पडलीं. तरी चित्राच्या प्रत्येक फुटाची जबाबदारी आपली, हें प्रतिज्ञावाक्य पॉवेल यांनीं कधीं मागें घेतलें नाहीं. एव्हनिंग गांवच्या चर्चच्या आवारांत त्यांची समाधि आहे. तिच्यावर त्यांच्या नांवाखालीं दोनच बिरुदें कोरलीं आहेत : चित्रपट-दिग्दर्शक, आणि आशावादी. ज्याला वीस वर्षें आपल्या बाणाचा आवाज ऐकूं आला नाहीं अशा धनुर्धराला दुसरें बिरुद पहिल्याइतकेंच शोभतें.